घरात एकच पीसी, सगळ्यांचा एकच पासवर्ड, मग माझ्या फाइल वेगळ्या कशा ठेवू?

तुमचा प्रश्न असा की परळच्या घरात एकच पीसी आहे, आईबाबा, भाऊ, वहिनी, नववीतला पुतण्या आणि तुम्ही असे सगळे एकाच अकाउंटने आत जाता, पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिलेला आहे, आणि आता ऑफिसच्या फाइल आणि बँकेचे कागदही त्यातच आलेत, तर फोल्डरला पासवर्ड कसा लावायचा.

मी आयटी सपोर्टमध्ये आहे, त्यामुळे रोज हेच बघते. फोल्डरला पासवर्ड लावायच्या मागे लागूच नका. विंडोजमध्ये साध्या फोल्डरला पासवर्ड लावायची सोय नाहीये, आणि फुकट मिळणारी काही लॉक सॉफ्टवेअर फोल्डर नुसतं लपवतात, व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्सवर टिक केली की सगळं समोर, नववीतल्या मुलाला ते यूट्यूबवर पाच मिनिटांत सापडेल. करायचं ते असं की प्रत्येकाला स्वतःचं अकाउंट द्या. विंडोज एका युजरच्या डॉक्युमेंट्समध्ये दुसऱ्या साध्या युजरला आपणहून जाऊ देत नाही, हे काम ते कधीपासून करतंय, फक्त आपण सगळे एकाच नावाने आत शिरतो म्हणून त्याला कळतच नाही कोण कोण आहे.

आता क्रम नीट बघा, इथेच लोक अडकतात. तुमचं सध्याचं अकाउंट बहुतेक ॲडमिन, म्हणजे पीसीत काहीही बदलायचा हक्क असलेलं, असणार आणि क्रोममध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड, जीमेल, नेटबँकिंग, सगळं त्यातच उघडं असणार. म्हणून ते जुनं अकाउंट तुम्ही स्वतःकडे ठेवा आणि बाकीच्यांना नवीन द्या, उलटं करू नका. आधी सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्समध्ये जाऊन एक नवीन अकाउंट बनवा, नाव काहीही, समजा 'घर', त्याचा टाइप बदलून ॲडमिनिस्ट्रेटर करा, एकदा त्यात लॉगिन करून बघा आणि मग तिथूनच तुमचं जुनं अकाउंट स्टँडर्ड, म्हणजे तो हक्क नसलेलं साधं, करून टाका. हो, तुमचं सुद्धा. रोजच्या वापराला कोणीच ॲडमिन नको. पुतण्याने गेमचा मोड म्हणून काहीतरी उतरवलं आणि त्याने सिस्टिममध्ये हात घालायचा प्रयत्न केला की विंडोज 'घर'चा पासवर्ड मागेल, आणि तिथे एक मोठं माणूस उठून येईल, बघेल, विचारेल. बाकी सगळ्यांची अकाउंट बनवाल ती मुळातच स्टँडर्ड बनतात. आईबाबांसाठी ईमेलशिवायचं लोकल अकाउंट पुरतं, चार आकडी पिन ठेवा, रोज मोठा पासवर्ड टाइप करायला लावलं तर ते पीसीला हातच लावणार नाहीत. त्यांच्या क्रोममध्ये तुमचं जीमेल मात्र सिंक करून देऊ नका, नाहीतर सगळे पासवर्ड परत तिकडे पोचतील.

एवढं करून लोक निवांत होतात पण खरी गोची डी ड्राइव्हची आहे. आपल्याकडे असेंबल केलेल्या पीसीत डी, ई असे पार्टिशन असतात आणि निम्मा संसार तिथेच, लग्नाचे फोटो, भावाचे टॅक्स रिटर्न, सगळं. अकाउंट वेगळी केलीत तरी डी ड्राइव्ह सगळ्यांना उघडा राहतो, कारण तिथल्या परवानगीच्या यादीत ऑथेंटिकेटेड युजर्स असं नाव आधीपासून असतं, म्हणजे लॉगिन झालेला कोणीही, आणि त्याला नुसतं वाचताच नाही तर बदलता आणि डिलीट सुद्धा करता येतं. तर खाजगी फाइल आपल्या डॉक्युमेंट्समध्ये हलवा, ते सोपं. जागा नसेल तर 'घर'मधून त्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, तिथे डिसेबल इनहेरिटन्स दाबा, विचारेल त्यात कन्व्हर्ट निवडा, मग आधी तुमचं नाव फुल कंट्रोल देऊन घाला आणि नंतर ऑथेंटिकेटेड युजर्स आणि युजर्स ही दोन नावं काढून टाका. सिस्टिम आणि ॲडमिनिस्ट्रेटर्स राहू द्या. डिनायच्या चौकोनाला कृपा करून हात लावू नका, युजर्सला डिनाय दिलंत तर तुम्हीही युजरच आहात, स्वतःच बाहेर पडाल. फोटो, लाइट बिल, सोसायटीच्या पावत्या असलं सगळ्यांचं सामान पब्लिक फोल्डरमध्ये टाका. आणि पेनड्राइव्हवर हे काही चालत नाही, ते बहुतेक फॅट३२ किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेले असतात आणि त्यात परवानगी नावाचा प्रकारच नाही.

ॲडमिनबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 'घर'मध्ये बसलेला माणूस तुमचं फोल्डर उघडायला गेला तर विंडोज परवानगी नाही असं म्हणेल पण खाली कंटिन्यूचं बटण देईल, आणि ते दाबलं की त्याला कायमचा प्रवेश. म्हणून तो पासवर्ड कोणाकडे हे घरात बोलून ठरवा. पगाराची स्लिप, मेडिकल रिपोर्ट असं अगदीच खाजगी काही असेल तर सेव्हन-झिप या फुकट सॉफ्टवेअरने एईएस-२५६ हे भक्कम एन्क्रिप्शन लावून, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येणार नाही अशी, पासवर्डवाली फाइल करा, तिथे ॲडमिनचंही काही चालत नाही, फक्त मूळ फाइल नंतर उडवायला विसरू नका. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड आहेच की, असं म्हणून ती डेस्कटॉपवर ठेवू नका, तो नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल असा असतो, घरातल्या कोणालाही येतो आणि ज्याच्याकडे तुमच्या आधारची झेरॉक्स आहे त्यालाही.

पीसी बिघडला आणि लॅमिंग्टन रोडला दुरुस्तीला टाकला तर? लॉगिनचा पासवर्ड म्हणजे गेटवरचा वॉचमन, मागची भिंत चढून आलेल्याला तो अडवू शकत नाही. डिस्क काढून दुसऱ्या पीसीला लावली की सेव्हन-झिपची फाइल सोडून वर सांगितलेलं सगळं निष्फळ. त्याला इलाज अख्ख्या डिस्कचं एन्क्रिप्शन, विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर आणि होममध्ये हार्डवेअर चालत असेल तर डिव्हाइस एन्क्रिप्शन. सुरू करतानाच त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा, ती गेली तर डेटा तुमच्यासाठीही गेला, मायक्रोसॉफ्ट पण काढून देऊ शकत नाही. नुसता पॉवर सप्लाय किंवा मॉनिटरचा प्रॉब्लेम असेल तर मी सरळ डिस्क काढून घरी ठेवायला सांगते.

पासवर्डचं म्हणाल तर ते एक्सेलच्या शीटमध्ये लिहून ठेवणं बंद. बिटवॉर्डन किंवा कीपास असा सगळे पासवर्ड कुलपात ठेवणारा पासवर्ड मॅनेजर घ्या, दोन्ही फुकट मिळतात, आणि फक्त एक मास्टर पासवर्ड लक्षात ठेवा, एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द, म्हणजे चिंच पलटण खिडकी सव्वा टोपली या धर्तीवर, रोमनमध्ये टाइप केलेले, अर्थात हेच पाच उचलू नका. मुलाचं नाव, गणपती, ॲट, वन टू थ्री हे कोणीही पहिल्यांदा टाकून बघतं. दर महिन्याला बदलायचीही गरज नाही, अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ लाच सांगितलंय की ठरावीक मुदतीने बदलायची सक्ती करू नका, फुटल्याची शंका आली तर बदला. यूपीआय पिन मात्र कुठेच लिहायचा नाही.

आणि हे सगळं एकट्याच्या डोक्यात ठेवू नका, यावर माझा फार जीव आहे. बाबांना अचानक ॲडमिट करावं लागलं तेव्हा मी हॉस्पिटलच्या काउंटरवर उभी आणि मेडिक्लेमची पॉलिसी त्यांच्या अकाउंटमध्ये. आईने कपाटाच्या लॉकरमधलं पाकीट उघडून फोनवर एकेक अक्षर वाचलं, धाकट्या बहिणीने घरी टाइप केलं आणि पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली. त्या पाकिटात 'घर'चा पासवर्ड, रिकव्हरी की आणि प्रत्येकाचा मास्टर पासवर्ड वेगवेगळ्या बंद चिठ्ठीत आहे. तुमच्याकडे भाऊ म्हणेल आमच्यावर विश्वास नाही का, तर त्याच्या हातात त्याची चिठ्ठी द्या आणि त्यालाच ती बंद करून ठेवायला सांगा, त्याचेही टॅक्सचे कागद आहेतच की डी ड्राइव्हवर.

सगळं झालं की वहिनींच्या अकाउंटमध्ये बसून तुमचं फोल्डर उघडून बघा. 'घर'चा पासवर्ड मागितला तर जमलं. सरळ उघडलं तर सिक्युरिटीच्या यादीत ऑथेंटिकेटेड युजर्स किंवा युजर्स अजून शिल्लक आहे, परत जाऊन काढा.