भूलशास्त्रात एमडी करावं का, हे इंटर्नशिपमध्येच कसं ओळखायचं?

तुमची इंटर्नशिप मुंबईत चालू आहे, भूलशास्त्राकडे ओढा आहे, पण घरचे ‘सर्जनच्या हाताखालचं काम’ म्हणून नको म्हणतात. मी भूलतज्ज्ञ आहे. टेबलावर पेशंटचा श्वास आणि बीपी आपण सांभाळतो, आणि पेशंट तयार नसेल तर केस पुढे ढकला असं सर्जनला सांगणंही आपलंच काम. हाताखालचं हे काम नव्हे.

इंटर्नशिपमध्ये भूलशास्त्राला 2 आठवडे मिळतात. बरेच जण पेशंटच्या श्वासनलिकेत ट्यूब टाकायला मिळाली की अभ्यासाला लायब्ररी गाठतात. तसं करू नका. सकाळी पहिल्या केसआधी रेसिडेंटबरोबर मशीन तपासा: राखीव ऑक्सिजन सिलिंडर, सर्किटची गळती, सक्शन, लॅरिंगोस्कोपचा (ट्यूब टाकताना घशात बघायच्या उपकरणाचा) दिवा. मग पेशंटला खाण्यापिण्याचं विचारा. हलक्या खाण्यानंतर 6 तास, साध्या पाण्यानंतर 2 तास जायला हवेत. ‘चहा घेतला का?’ हे वेगळं विचारा, कारण आपल्याकडे चहा कोणी खाण्यात धरत नाही आणि दुधाच्या चहालाही 6 तासच लागतात.

आता खरी कसोटी. ट्यूब अन्ननलिकेत गेली, तरी आधी 3 मिनिटं ऑक्सिजन दिलेला असल्याने सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, काही मिनिटं 99-100 टक्केच दिसत राहतं. स्टेथोस्कोपनेही फसगत होते. भरवसा कॅप्नोग्राफवर, म्हणजे बाहेर येणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्रावर ठेवायचा: दर श्वासाला कार्बन डायऑक्साइडची लाट उमटत नसेल, तर ट्यूब चुकली असंच धरून ती काढायची आणि मास्कने श्वास द्यायचा. पेशंट दगावतो तो बहुतेकदा ‘मी आत जाताना बघितली होती’ या हट्टापायी. सगळ्या ऑपरेशन थिएटरसमोर ‘ट्यूब चुकली, मदतीला या’ असं लगेच म्हणणं जड जाणार असेल, तर या शाखेचा पुन्हा विचार करा.

एक लांबलेली केस शेवटपर्यंत बसून बघा. सॅच्युरेशन उतरलं की पल्स ऑक्सिमीटरचा सूर खाली येतो. तिसऱ्या तासाला, कुणाशी बोलत असताना, तो फरक तुमच्या कानाला लागतो का? की कंटाळून हात मोबाइलकडे जातो?

स्वतःची ओपीडी, वर्षानुवर्षं येणारी कुटुंबं हवी असतील तर मेडिसिन किंवा बालरोग बघा. भूलतज्ज्ञाचं नाव पेशंटला क्वचितच आठवतं, आणि ते पुढे खरंच खुपतं. आयसीयू आणि पेन क्लिनिक हे मार्ग मात्र आहेत.

एमडी किंवा डीएनबी (एमडीच्या तोडीची पदवी) 3 वर्षांचं. सरकारी किंवा पालिकेच्या कॉलेजातून केलंत तर पुढे 1 वर्षाचा बाँड, म्हणजे बंधनकारक सरकारी सेवा. त्यानंतर मुंबईत अनेक जण फ्रीलान्स करतात: सकाळी दादरचं नर्सिंग होम, दुपारी मुलुंड, रात्री सिझेरियनचा फोन. पुढची केस थांबली म्हणून पेशंट पुरता शुद्धीवर यायच्या आत निघायची घाई इथेच होते. म्हणून दोन केसमध्ये ट्रॅफिकचा वेळ धरूनच होकार द्यायचा, आणि नाही बसत तर दुसरी केस सोडायची.