लिंबूवर्गीय तेलांचा सुगंध: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : संत्रे, लिंबू आणि बर्गमॉट (एक सुगंधी लिंबूवर्गीय फळ) यांची तेले जोजोबा तेलात मिसळून रोल-ऑन केले. बाटलीत वास सुरेख येतो, पण मनगटावर अर्ध्या तासात काहीच उरत नाही. कोणते फिक्सेटिव्ह (वास टिकवणारा घटक) घालावे? (ठाणे)

गोड संत्र्याच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असते. त्याचा रेणू लहान आणि हलका असल्याने अंगाच्या उबेवर तो लगेच उडतो. चंदनातले सँटॅलॉल जड असते, म्हणून ते तासन्‌तास टिकते. चंदन घातले की संत्रे थांबते, असे मात्र होत नाही. कोणतेही नैसर्गिक फिक्सेटिव्ह लिमोनीनला दिवसभर धरून ठेवू शकत नाही, आणि तशी जाहिरात करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. लिंबूवर्गीय तेलांचे काम पहिल्या अर्ध्या तासाचे. पुढे नाकाला त्याच दिशेचे काहीतरी मिळत राहील, अशी मांडणी आपण करायची असते.

तुमच्या मिश्रणात मधला भागच नाही, म्हणजे सुरुवातीचा वास उडाल्यावर पुढे येणारा. तो पेटिटग्रेन, धण्याचे तेल आणि लॅव्हेंडरने भरा. पेटिटग्रेन कडू संत्र्याच्या पानांचे आणि कोवळ्या डहाळ्यांचे तेल. त्यात लिनॅलिल ॲसिटेट हा सुगंधी घटक भरपूर असतो आणि बर्गमॉटमध्येही तेच असते, म्हणून दोन्ही सहज जुळतात. धण्याच्या तेलातले लिनॅलूल हा दुवा आणखी पक्का करते.

दहा ग्रॅम अर्कासाठी (पातळ न केलेल्या तेलांच्या मिश्रणासाठी) हे प्रमाण घ्या : गोड संत्रे 2.5 ग्रॅम, फ्युरोकुमारिन (उन्हात त्वचेला त्रास देणारा घटक) काढलेले बर्गमॉट 2, वाफेवर काढलेले लिंबू 0.5, पेटिटग्रेन 1.5, लॅव्हेंडर 0.5, धणे 0.3, देवदार 1, वाळा 0.5 आणि चंदन 1.2 ग्रॅम. अल्कोहोलमध्ये करणार असाल तर चंदन 0.5 वर आणा आणि उरलेल्या 0.7 ग्रॅमच्या जागी पन्नास टक्क्यांचे बेंझॉइन (एका झाडाची सुगंधी राळ) घाला. जोजोबात बेंझॉइन नको. ते विरघळत नाही, तळाशी चिकट थर धरते.

आधी वाळा, चंदन, देवदार एकत्र करून आठवडाभर ठेवा. मग मधली तेले, आणि लिंबूवर्गीय तेले सर्वांत शेवटी. दहा ग्रॅम अर्काला साधारण 57 ग्रॅम जोजोबा घातले की पंधरा टक्क्यांचे मिश्रण होते. ते अंधाऱ्या, थंड जागी चार आठवडे मुरू द्या. मापे थेंबांनी घेऊ नका. वाळ्याचा जाड थेंब आणि संत्र्याचा पातळ थेंब सारख्या वजनाचे नसतात. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. ड्रॉपर काचेचा असावा, कारण लिमोनीन थर्माकोल आणि काही प्लॅस्टिक विरघळवते. पूर्ण बाटली भरण्याआधी थोडेसे कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहा.

प्रश्न : बर्गमॉट लावून उन्हात गेल्यास डाग पडतात, हे खरे का? सगळीच लिंबूवर्गीय तेले टाळावीत का? (पणजी)

खरे आहे, पण सगळी टाळायची गरज नाही. कोल्ड प्रेस्ड, म्हणजे साल दाबून काढलेल्या बर्गमॉटमध्ये बर्गॅप्टेन हे फ्युरोकुमारिन असते. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते त्वचेत क्रियाशील होते. लाली किंवा फोड बहुधा एक-दोन दिवसांनी दिसतात, म्हणून अत्तराकडे संशय जात नाही, आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहू शकतात.

त्वचेवर राहणाऱ्या तयार उत्पादनासाठी इफ्रा या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या मर्यादा अशा आहेत : कोल्ड प्रेस्ड बर्गमॉट 0.4 टक्के, लाइम 0.7, कडू संत्रे 1.25, लेमन 2 आणि ग्रेपफ्रूट 4 टक्के. आपले कागदी लिंबू म्हणजे लाइम; लेमन हे वेगळे, जाड सालीचे फळ. ही गल्लत झाली की मर्यादा जवळपास तिप्पट ओलांडली जाते. दोन तेले एकत्र वापरताना त्यांचा वाटाही एकत्र धरायचा. बर्गमॉट 0.2 टक्के घातले तर अर्धी मर्यादा संपली, मग लेमन एक टक्क्याच्या वर नको.

गोड संत्रे, मँडरिन आणि वाफेवर काढलेले लाइम यांना ही उन्हाची मर्यादा नाही.

प्रश्न : स्पिरिटमध्ये संत्र्याचे तेल घातले की मिश्रण दुधाळ होते. दोष तेलात आहे का? (कोल्हापूर)

बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. हात निर्जंतुक करायच्या स्पिरिटमध्ये पाणी तीस टक्क्यांच्या आसपास असते आणि एवढ्या पाण्यात लिमोनीन विरघळत नाही. 95 टक्क्यांचे इथाइल अल्कोहोल लागते. गुलाबपाणी किंवा ग्लिसरीन घालून मिश्रण सुधारत नाही, आणखी बिघडते. रंगकामाचे डीनेचर्ड स्पिरिट त्वचेवर अजिबात नको, त्यात मिथेनॉल असू शकते. आपल्याकडे शुद्ध अल्कोहोलवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियंत्रण आहे. हौसेपुरते करायचे तर जोजोबा बरे.

अल्कोहोल योग्य असूनही गढूळपणा आला तर तो सालीतल्या मेणाचा. बाटली दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा आणि थंड असतानाच फिल्टर कागदातून गाळा.

प्रश्न : नागपुरी संत्र्यांच्या साली भरपूर मिळतात. घरी तेल काढता येईल का? (अमरावती)

काढता येईल, पण हाती फार थोडे लागेल. कारखान्यात यंत्राने दाबूनही किलोभर सालीमागे काही ग्रॅमच तेल मिळते. साली तेलात बुडवून ठेवण्याची कृती सर्वत्र सांगितली जाते. ती करू नका. ताज्या सालीतल्या पाण्याने बुरशी येते आणि वाळवलेल्या सालीतला वास आधीच उडालेला असतो. त्यापेक्षा फवारणी न केलेल्या फळांची फक्त वरची केशरी साल किसा. पांढरा भाग घेऊ नका. 50 ग्रॅम कीस 100 ग्रॅम 95 टक्के अल्कोहोलमध्ये दोन दिवस ठेवून गाळा. हा अर्क सौम्य असतो. साध्या अल्कोहोलच्या थोड्या भागाऐवजी तो वापरला तर अत्तराला ताजेपणा येतो.

एक लक्षात घ्या : नागपुरी संत्रे मँडरिनच्या जातीचे आहे. ‘स्वीट ऑरेंज’च्या बाटलीतून तसाच वास येणार नाही.

प्रश्न : वर्षभरापूर्वीच्या संत्र्याच्या तेलाला टर्पेंटाइनसारखा वास येतो. वापरू का? (पुणे)

त्वचेवर नाही. हवेतल्या ऑक्सिजनने लिमोनीनची हायड्रोपेरॉक्साइडे होतात आणि त्यांनी ॲलर्जी होऊ शकते. कार्व्होनही तयार होतो, त्याचा वास शोपा-पुदिन्याकडे झुकतो. बाटलीच्या गळ्याशी चिकट कडे दिसले तरी तेल जुने झाले असे समजा. व्हिटॅमिन ई आता घालून उपयोग नाही. ते नवे तेल उघडताच, 100 ग्रॅमला 0.1 ग्रॅम घालायचे असते. नवे तेल छोट्या गडद बाटल्यांत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा, बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा आणि सहा महिने ते वर्षभरात संपवा. जुन्या तेलाने बरण्यांवरच्या लेबलांचा डिंक छान निघतो.