परदेशात गेल्यावर जुन्या कंपनीची धमकी

"मी भारतात आले तर विमानतळावर अडवतील का?" बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही, सोडली तर पैसे भरू, असा कंपनीशी केलेला करार. तो मोडून परदेशी गेलेली मुलं हा प्रश्न माझ्याकडे, समुपदेशकाकडे, हमखास घेऊन येतात. त्यांतल्या एकीची हकिकत तिच्या परवानगीने, ओळखीचे तपशील बदलून सांगते.

दोन वर्षांच्या बाँडची मुदत संपण्याआधीच ती जर्मनीत नोकरीला गेली. मग एचआरचे मेल सुरू झाले. पूर्ण रक्कम भरा, नाहीतर पोलिसांत तक्रार करू, पासपोर्ट रद्द करायला लावू. ती मेल उघडेनाशी झाली. पण जास्त हाल आईवडिलांचे होत होते. "बाँडवर तुमचीही सही आहे, पैसे तुम्हालाच भरावे लागतील," असे फोन वडिलांना येत. त्यांची झोप उडाली, आणि आपल्यामुळे हे झालं म्हणून ही तिकडे कुढत राहिली.

पहिल्याच सत्रात मी तिच्याकडून बाँडची प्रत मागवली आणि ती एका वकिलांना दाखवायला सांगितली. वडिलांची सही साक्षीदार म्हणून होती, जामीनदार म्हणून नव्हती. जामीनदाराकडून वसुली होऊ शकते, नुसत्या साक्षीदाराकडून नाही. हे वकिलांनी स्वतः फोन करून सांगितलं, त्या रात्री वडील जेवले, असं ती म्हणाली.

बाकीचंही उलगडत गेलं. बाँडच्या पैशांचा वाद दिवाणी असतो, तेवढ्यावरून अटक होत नाही. पासपोर्ट रद्द करण्याचा अधिकार कुठल्याही कंपनीला नाही. (लॅपटॉप किंवा गोपनीय माहिती सोबत नेली असेल तर गोष्ट वेगळी. हिने सगळं परत करून पोच घेतली होती.) मात्र "बाँडला काही अर्थ नसतो" हा मित्रमंडळींचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची, तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. त्याच वेळी, १८७२च्या करार कायद्यातल्या कलम ७४ नुसार बाँडमधला आकडा ही कमाल मर्यादा असते. न्यायालय त्याच्या आत वाजवी भरपाई ठरवतं.

कंपनीने आपल्या प्रशिक्षणावर खर्च केला, हे तिलाही मान्य होतं. वकिलांनी एकच लेखी उत्तर पाठवलं: खर्चाचा हिशेब द्या, यापुढे पत्रव्यवहार आमच्याशी करा, घरी फोन करू नका. आमच्या सत्रांत आम्ही अपराधीपणावर काम केलं. घरच्यांशी या विषयावर फक्त रविवारी बोलायचं, एरवी नेहमीच्या गप्पा, एवढं ठरवल्यानेही घर बरंच सावरलं. शेवटी कमी रकमेवर तडजोड झाली. पैसे देण्याआधी, आता कोणताही दावा उरला नाही, असं पत्र तिने ठरवून घेतलं.

अशी वेळ आलेल्यांनी प्रत्येक मेल जपून ठेवावा. वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे, तरी तिला मुदतीत उत्तर द्यावं. न्यायालयाचं समन्स आलं, तर कानाडोळा अजिबात करू नये, कारण एकतर्फी निकाल लागू शकतो. परदेशात राहूनही भारतातल्या वकिलाला वकीलपत्र देता येतं.