हुकूम कोणाचा, माणसं कोणाची

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

एसएसबीसाठी, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या मुलाखतीसाठी, लिहिलेलं तुझं टिपण वाचलं. मुख्यालयांची यादी चोख आहे. पण 'थिएटर कमांडमुळे तिन्ही दलांत समन्वय वाढेल' हे वाक्य खोड. एका युद्धक्षेत्रातली तिन्ही दलं एकाच कमांडरच्या हाताखाली, एवढाच थिएटर कमांडचा अर्थ. समन्वय कोणाला नको असतो? आणि सीडीएस, म्हणजे संरक्षण दलप्रमुख, हा तिन्ही दलांचा सेनापती, हेही खोड. १ जानेवारी २०२० पासून हे पद आहे, पण ते सल्ल्याचं आणि नियोजनाचं. लढाईचा हुकूम ते देत नाही.

दोन प्रश्न कायम वेगळे ठेव: माणूस तयार कोण करतं, आणि लढाईत त्याला हुकूम कोण देतं? अमेरिकेत १९८६ च्या गोल्डवॉटर-निकोल्स कायद्याने ही वाटणी पक्की केली. दलप्रमुखांनी माणसं घडवायची. हुकूम मात्र राष्ट्राध्यक्षाकडून संरक्षणमंत्र्यामार्फत थेट कमांडरला. आपल्याकडे दोन्ही कामं बहुतांशी त्या-त्या दलाकडेच राहिली. लष्कराच्या ७, हवाई दलाच्या ७, नौदलाच्या ३ अशा १७ कमांड. एकट्या पूर्वेचं बघ: लष्कराचं मुख्यालय कोलकात्यात, हवाई दलाचं शिलाँगला, नौदलाचं विशाखापट्टणमला. कारगिलचं युद्ध एकच, पण मोहिमांची नावं तीन: विजय, सफेद सागर, तलवार.

कारगिलनंतरच, २००१ मध्ये अंदमान-निकोबार कमांड उभी राहिली, तिन्ही दलांची पहिली. तिच्याबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास. खरी मेख तिथेच आहे. कमांडर नौदलाचा असो की लष्कराचा, हाताखाली तिन्ही गणवेश. पण लष्कराचा आणि हवाई दलाचा कायदा १९५० चा, नौदलाचा १९५७ चा. दुसऱ्या दलाच्या माणसाने शिस्त मोडली, तर त्याला कारवाईसाठी त्याच्या मूळ युनिटकडे पाठवावं लागे. ज्याला शिक्षा करता येत नाही, तो कसला कमांडर? ही अडचण दूर करणारा कायदा २०२३ मध्ये संसदेत झाला आणि १० मे २०२४ पासून लागू झाला. माझ्या मते नकाशावरच्या कुठल्याही नव्या रेषेपेक्षा हा रुक्ष कायदा मोठा. मुलाखतीत तो सांगणारी मुलं थोडीच असतात.

थिएटर कमांडच्या नावाने हवाई दल कुरकुर करतं, त्याला हट्ट म्हणू नकोस. लढाऊ विमानांच्या मंजूर स्क्वाड्रन, म्हणजे तुकड्या, ४२. हाताशी त्याहून बऱ्याच कमी. रणगाडे एका सीमेवरून दुसरीकडे न्यायला रेल्वेगाड्या लागतात, विमान मात्र सकाळी पश्चिमेला आणि दुपारी उत्तरेला लढू शकतं. विमानं थिएटरांत कायमची वाटली, तर हा फायदाच जातो.

'हे यंत्र कोणाचं, लष्कराचं की हवाई दलाचं' हा वाद समजायला दिल्लीला जायला नको. आपल्या देवळालीत तोफखान्याचं स्कूल आहे. गोळा कुठे पडतोय हे हवेतून पाहायला तोफखान्याचेच अधिकारी वैमानिक झाले. त्यातून १९८६ मध्ये आर्मी एव्हिएशन कोअर, लष्कराची स्वतःची हवाई शाखा, निघाली. तिचे वैमानिक आज आपल्या नाशिकच्याच गांधीनगरला शिकतात, आणि जवळच ओझरला हवाई दलाचा दुरुस्ती डेपो. हे टिपणात घाल.

लेक्चरेटला, म्हणजे एसएसबीतल्या छोट्या भाषणाला, तीनच मिनिटं मिळतात. रविवारी घरी ये. आधी हवाई दलाच्या बाजूने बोल, मग लष्कराच्या. घड्याळ मी लावतो.

तुझा काका