मोलने फेअरवे उकरलाय, काय करू?

प्रश्न: गोल्फ कोर्सच्या गवताची देखभाल माझ्याकडे आहे. मोलनी (जमिनीखाली भुयारं खणणारा छोटा केसाळ प्राणी) फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर, मातीचे ढीगच ढीग घातलेत, आता ग्रीनच्या (जिथे बॉल भोकात घालतात त्या अगदी बारीक कापलेल्या गवताच्या) कडेलाही भुयार उमटलंय. आवाज करणाऱ्या कांड्या लावून झाल्या, उंदराचं विष टाकून झालं, ढिम्म फरक नाही. अळ्या मारायचं औषध फवारू का? आणि एवढे ढीग म्हणजे किती मोल असतील?

उत्तर: बहुतेक एक, फार तर दोन-तीन. मोल एकटा राहतो, दुसऱ्याला आपल्या हद्दीत फिरकू देत नाही, आणि तासाला तीन-चार मीटर भुयार सहज खणतो, त्यामुळे एकटाच फौज आल्यासारखा गोंधळ घालतो. उंदराचं विष फुकट गेलं कारण हा उंदीर नव्हेच, दाणे-बिणे खात नाही, त्याला लागतात गांडुळं, दिवसाला जवळपास स्वतःच्या निम्म्या वजनाएवढी! म्हणूनच अळ्यांचं औषधही नको, अळ्या मरतील पण गांडुळं राहतील आणि मोलही राहील. कांड्यांबद्दल काय बोलायचं, विकणाऱ्याचं भलं होतं.

खरा उपाय सापळा, पण तो ढिगात लावू नका, तिथे तो माती फेकायलाच येतो. दोन ढिगांच्या मधे लोखंडी सळई खुपसत जा, एका जागी हाताला एकदम पोकळ लागून सळई सर्रकन आत जाते, ते त्याचं रोजच्या वापरातलं भुयार. वर फुगलेल्या उथळ रेघा बऱ्याचदा एकदाच वापरून सोडलेल्या असतात, शंका असेल तर थोडा भाग पायाने दाबून ठेवा, दुसऱ्या दिवशी परत उचललेला दिसला तर रस्ता चालू आहे. भुयाराच्या तळाची सुटी माती घट्ट दाबून सापळा बसवा, वरून गवताच्या ढेकळांनी असं झाका की उजेडाची तिरीपही आत जायला नको, नाहीतर पठ्ठ्या समोर माती लोटून सापळाच बुजवून टाकतो. रोज सापळा बघायचा, जनावर अर्धवट अडकून तडफडत राहायला नको. विषारी गॅसच्या गोळ्या परवाना असलेल्या माणसाशिवाय कुणी हाताळू नयेत, आणि सापळ्यांनाही काही देशांत बंदी किंवा अटी आहेत, ते आधी बघून घ्या.

ढीग मात्र पायाने सपाट करू नका हं, खालचं गवत गुदमरतं आणि दगड मॉवरच्या (गवत कापायच्या यंत्राच्या) ब्लेडमधे जातात. फावड्याने उचला, माती छान भुसभुशीत असते, खळगे भरायला वापरा. तोवर खेळाडू कुरकुरले तर सांगा की बॉल बिळात किंवा उकरलेल्या मातीवर गेला तर गोल्फच्या नियम १६.१ प्रमाणे पेनल्टीशिवाय ड्रॉप, म्हणजे बॉल जवळच दुसरीकडे टाकून खेळायची मुभा, मिळतो, फक्त पेनल्टी एरियात (तळं, ओढा अशा आखलेल्या भागात) नाही.