पार्टी : मेजवानी, गिऱ्हाईक की पक्षकार?

प्रश्न : वाढदिवसाची पार्टी, निवडणुकीतली पार्टी, जागेच्या दलालाची ‘समोरची पार्टी’ आणि कोर्टातली पार्टी, हा सगळा एकच शब्द आहे का? मूळ अर्थ मेजवानीच ना? – एक वाचक, सातारा

उत्तर : शब्द एकच, पण मेजवानी हा मूळ अर्थ नव्हे, तो बराच उशिरा आला. लॅटिनमध्ये ‘पार्स’ म्हणजे भाग आणि ‘पार्तीरी’ म्हणजे वाटणी करणे. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘पार्ती’ आला, अर्थ वाटा किंवा बाजू. १०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे तिथल्या न्यायालयांत फ्रेंच रुळली. कामकाज इंग्रजीत बोलावे असा कायदा १३६२ मध्ये झाला, तोवर कोर्टकचेरीचे कितीतरी फ्रेंच शब्द इंग्रजीत मुरले होते. ‘भांडणातली एक बाजू’ या अर्थाची पार्टी त्यांतलीच. दलाल जिला ‘समोरची पार्टी’ म्हणतो ती थेट इथून आली आहे. आपल्या जुन्या दस्तांत तिला ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ म्हणत, आणि कोण काय करतो आहे हे त्यात जास्त स्वच्छ कळते.

बाजूवरून त्या बाजूची माणसे आणि मग राजकीय गट, हे ओघानेच झाले. पुढे एखाद्या कामाला निघालेल्या कोणत्याही टोळीला हा शब्द लागला. हरवलेल्याला शोधायला जाते ती सर्च पार्टी. आपल्याकडची बँड पार्टी किंवा ‘शाहीर अमुक आणि पार्टी’ ही याच अर्थाची. तिथे जेवणाचा संबंध नाही, माणसांचा संच एवढाच अर्थ. तसाच जेवायला किंवा मौजेला जमलेला संच म्हणजेही पार्टी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला नाव माणसांवरून त्या कार्यक्रमावर सरकले. शब्दाच्या प्रवासातली ही पायरी बहुतेकांच्या नजरेतून निसटते, आणि सगळा गोंधळ तिथेच आहे.

जुना अर्थ अजून जिवंत आहे. परदेशी उपाहारगृहात टेबल राखून ठेवताना ‘पार्टी साइज’ विचारतात तेव्हा त्यांना समारंभाशी काही देणेघेणे नसते. स्वतःला धरून एकूण किती जण, एवढेच लिहायचे. स्वतःला मोजायचे राहिले की एक खुर्ची कमी पडते.

प्रश्न : पार्टीला अस्सल मराठी शब्द कोणता? – एक वाचक, नाशिक

उत्तर : कोणती पार्टी ते आधी ठरवा. राजकीय असेल तर पक्ष, दाव्यातली असेल तर पक्षकार, आणि व्यवहाराशी संबंध नसलेली तिसरी असेल तर त्रयस्थ. संस्कृत ‘पक्ष’ म्हणजे पंख. त्यावरून बाजू, महिन्याचा अर्धा भाग, वरपक्ष-वधूपक्ष आणि शेवटी राजकीय पक्ष. एका बाजूला झुकणे म्हणजे पक्षपात. इंग्रजीतल्या ‘पार्शल’चेही तेच आहे : अर्धवट आणि पक्षपाती असे दोन्ही अर्थ, आणि मूळ तेच ‘पार्स’. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच वाटेने चालल्या, हे फार सुंदर आहे. पार्टिशन, पार्टनर आणि पार्सलही याच घराण्यातले; पार्सल म्हणजे मुळात छोटा भाग.

पक्षाची मेजवानी मात्र कधी झाली नाही. त्यासाठी आपल्याकडे वेगळे शब्द आहेत. ‘मेजवानी’ फारसी ‘मेजबान’वरून आली, मेजबान म्हणजे यजमान. म्हणून मेजवानी कुणीतरी देतो. वर्गणी काढून केलेल्या जेवणाला तो शब्द नीट बसत नाही. ‘जलसा’ अरबी, मूळ अर्थ बसणे. आपल्या ‘बैठक’ची ती सख्खी बहीण. आणि पौष-माघातल्या हुरड्याला ‘हुरडा पार्टी’ म्हणण्याची गरजच नाही. ‘हुरड्याला या’ म्हटले की शेत, आगटी आणि माणसे सगळे त्यात आले.

प्रश्न : वाटपाच्या दाव्यात ‘पार्टी राहिली’ म्हणून अडचण येईल, असे वकील म्हणतात. म्हणजे काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, आदेश १, नियम ९ असे सांगतो की एखादा पक्षकार चुकीने जोडला किंवा राहिला एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. मात्र ‘आवश्यक पक्षकार’ राहिला असेल तर ही सवलत नाही. वाटपात ज्यांचा वाटा आहे ते सगळे आवश्यक. नेहमी राहते ती लग्न होऊन गेलेली बहीण, किंवा मयत भावाचे वारस. उपाय त्याच आदेशाच्या नियम १० मध्ये आहे : नाव जोडण्यासाठी अर्ज द्यायचा. निकालाची वाट न बघता तो लवकर द्यावा. उशिरा जोडलेल्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते आणि झालेले काम पुन्हा उलगडते.

प्रश्न : गाडीचा थर्ड पार्टी विमा आहे, तरी माझ्याच गाडीची भरपाई का मिळत नाही? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कारण तुम्ही तिसरे नाही. विमा हा करार. त्यात पहिली बाजू तुम्ही, दुसरी विमा कंपनी. तिसरी म्हणजे तुमच्या गाडीमुळे ज्याला इजा झाली किंवा ज्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले तो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ ने सक्तीचा केला आहे तो या तिसऱ्याच्या संरक्षणाचा विमा. स्वतःच्या गाडीसाठी ‘ओन डॅमेज’ संरक्षण वेगळे घ्यावे लागते. पॉलिसीच्या कागदावर त्याचा हप्ता वेगळ्या रकान्यात असतो. तो रकाना रिकामा असेल तर ते संरक्षण नाही.

प्रश्न : बोस्टन टी पार्टीत चहा प्यायले होते का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री अमेरिकेतल्या बोस्टनच्या बंदरात तीन जहाजांवरच्या चहाच्या ३४२ पेट्या फोडून समुद्रात टाकल्या, ब्रिटिशांच्या चहावरील कराच्या निषेधात. ‘टी पार्टी’ हे नाव तेव्हाचे नाही. ते छापून येऊ लागले पुढच्या शतकात, जवळजवळ पन्नास वर्षांनी.