पडदा काळा झाला म्हणजे मॉनिटर जळला का?

प्रश्न : काकाजी, मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यावर राहते, बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कापूस विकल्यावर भावानं नागपूरहून जुना मॉनिटर आणून दिला. त्याच्यावर १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलते, असं लिहून आहे, पण विंडोजमध्ये ६०च दिसते. कॉम्प्युटरात एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आहे, वायर एचडीएमआयची. शेजारच्या मुलानं कस्टम मोड, म्हणजे हातानं आकडे भरलेली सेटिंग, बनवून १४४ टाकलं, तर पडदा काळा झाला, 'आउट ऑफ रेंज' आलं आणि थोड्या वेळानं आपोआप पहिल्यासारखं झालं. भाऊ म्हणते, मॉनिटर जळला असता. खरं आहे का?

उत्तर : बेटा, आधी भावाचा जीव भांड्यात पडू दे. मॉनिटरला काही झालं नाही. आताचा एलसीडी मॉनिटर न झेपणारा सिग्नल आला की 'आउट ऑफ रेंज' म्हणून तो नाकारतो. आणि नवा मोड ठेवायचा का, याला पंधरा सेकंदांत कोणी 'हो' म्हटलं नाही, तर विंडोज जुना मोड परत आणते. तुझ्या घरी तेच झालं.

भावाची भीती मात्र हवेतली नाही. १९९८ साली हिंगणघाटच्या एका जिनिंगच्या ऑफिसात मी पिक्चर ट्यूबचा १४ इंची मॉनिटर दुरुस्त करून दिला. जाता जाता विंडोजमध्ये मॉनिटरचं नाव चुकीचं निवडलं आणि ८५ हर्ट्झ लावलं. आतून बारीक शिट्टी आली, मग जळका वास. आडव्या रेघा ओढणारा ट्रान्झिस्टर गेला होता. मुनीमजी काही बोलले नाहीत, पण तो पार्ट मी माझ्या पैशानं टाकला. तेव्हापासून आकडा टाकण्याआधी मी गुणाकार करतो. तूही कर.

पडद्यावर १९२० ठिपके आणि १०८० रेघा दिसतात. सिग्नलमध्ये मात्र सहसा २२०० आणि ११२५ मोजावे लागतात. डवरा तासाच्या टोकाला आला की बैल वळवायला धुऱ्याजवळ जागा सोडतो ना, तशी ही जास्तीची जागा. ट्यूबमधला किरण खरोखर मागं वळायचा, त्याला वेळ लागायचा. एलसीडीत किरणच नाही, पण जागा सोडायची रीत राहिली.

आता २२०० गुणिले ११२५ गुणिले ६० केलं की १४८.५ मेगाहर्ट्झ येते, म्हणजे वायरमधून सेकंदाला तितके दशलक्ष ठिपके जातात. १२० ला २९७. आणि १४४ ला ३५६.४. एचडीएमआयची जुनी आवृत्ती १.४, तिची मर्यादा ३४० आहे, आणि १४४ हर्ट्झवाल्या जुन्या मॉनिटरांना पुष्कळदा हेच सॉकेट असते. म्हणजे १२० त्यातून जाते, १४४ जात नाही. माझ्या मते तुझ्याकडे अडचण इथंच आहे.

म्हणून कस्टम मोड सध्या बाजूला ठेव. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा आणि रिफ्रेश रेटची यादी उघड. तिथं १२० असेल तर लाव. यादीत असूनही विंडोज पुष्कळदा आपल्या मनानं ६०वरच बसून राहते. मग मॉनिटरच्या मागं पाहा. एक कोपरा कापलेलं चपटं सॉकेट दिसलं तर ते डिस्प्लेपोर्ट. त्याची वायर आण. वायरचं दुसरं टोक मदरबोर्डला नको, ग्राफिक्स कार्डलाच लाव. मग १४४ यादीत आपोआप यायला पाहिजे, कारण आपल्याला काय झेपते ते मॉनिटर स्वतःच कार्डाला कळवतो. त्या माहितीला ईडीआयडी म्हणतात.

डिस्प्लेपोर्ट नसेल तर १२०वर राहा. ६०ला चित्र १६.७ मिलिसेकंदांनी बदलते, १२०ला ८.३ आणि १४४ला ६.९. कोडची लांब फाइल वरखाली सरकवताना ६० आणि १२० मधला फरक डोळ्यांना लगेच कळतो. पुढच्या दीड मिलिसेकंदासाठी भावाला परत खर्चात पाडू नको.

तरी कस्टम मोड करून पाहायचाच असेल, तर एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये टायमिंगला 'सीव्हीटी रिड्यूस्ड ब्लँक' निवड. त्यात धुऱ्याची जागा कमी होते, २२००चे २०८० होतात. सुरुवात ७५पासून कर, मग १००. आकडा एकदम वर नेऊ नको. शेजारच्या मुलानं बनवलेला १४४चा मोड अजून त्या पॅनेलच्या यादीत असेल तर आधी तो काढून टाक, नाही तर एखादा गेम पुन्हा तोच उचलेल आणि पडदा परत काळा होईल.